मुळासाहेबांना जपा

तोक्यो, ९ सप्टेंबर १९८५

ती. तोमिएताईस,
शुन्साकुचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. नोबुएची कंबर धरली होती ती सुटली, आणि सुटल्याबरोबर तिने मला गच्ची धुवायला लावली.

बातमी अशी की आपल्या 'पाणमांजर' ह्या व्हिडिओ गेमला तोक्योने डोक्यावर घेतलंय. ज्या हाचियाशेठच्या घाऊक मालाच्या पेढीत मला इतकी वर्षं जिन्याखाली ताटकळत बसवत, ते हाचियाशेठ परवा स्वतः माझ्या कचेरीचा जिना चढून आले. दम लागला होता, तरी हसत होते. त्यांना 'पाणमांजरा'चा दुसरा भाग हवाय, तोही वर्ष संपायच्या आत. नववर्षाला पोरांच्या हातात पाकिटातले पैसे पडतात तेव्हा कॅसेट दुकानात दिसली पाहिजे. ते घेतील तो आकडा ऐकलास तर खुर्चीवरून पडशील, म्हणून लिहीत नाही, फोन करीन. अट मात्र एकच, खेळ त्याच मुळाने केलेला हवा.

आता ह्या मुळाचं काय ते सांग बाई. खेळ संपल्यावर पडद्यावर नावं येतात, त्यांत खरी नावं टाकली की दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतात, म्हणून तू सगळ्यांना भाज्यांची नावं दिलीस, हे मान्य. पण सख्ख्या भावालाही खरं नाव कळू नये? इथे एक बडी कंपनी त्याच्या मागावर आहे. फ्लॅट देऊ म्हणतात, गाडी देऊ म्हणतात. ताई, मुळासाहेबांना जप. हवं तर तुझ्या घरातली पूर्वेची खोली दे त्यांना.

दुसरं, माझ्या मिसाओचं. हाचियाशेठनी स्वतः तिच्यासाठी स्थळ आणलंय. त्यांच्या बायकोचा भाचा, बँकेत आहे, सालस आहे. पोरगी सव्वीसची झाली. पंचवीस तारखेनंतर नाताळचा केक कोण घेतो, असं इथले लोक तोंडावर बोलतात. रीतीप्रमाणे लग्नाआधी तुझ्याकडची नोकरी सोडावी लागेल, तेव्हा वर्षअखेरीस तिला मोकळी कर. चहा देणारी आणि टंकलेखन करणारी दुसरी मुलगी तुला गल्लीत मिळेल.

लोभ आहेच, तो आकड्याबरोबर वाढू दे.
तुझा,
शुन्साकु

*

ओनो, १७ सप्टेंबर १९८५

चि. शुन्साकु यास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. हाचियाशेठ जिना चढले हे वाचून बरं वाटलं. बाबा गेले तेव्हा ह्याच शेठनी दोन ओळींचं सांत्वनपत्र दुसऱ्याच्या हातून लिहून पाठवलं होतं. मी विसरलेले नाही, पण धंद्यात आठवण ठेवायची असते, काढायची नसते.

तू म्हणतोस आपलं पाणमांजर. आपलं कधीपासून झालं रे? बाबा हिशोबाच्या सोरोबानच्या लाकडी चौकटी करायचे, मणी ओवायचे, सगळ्या हारिमा मुलखात त्यांच्यासारखा हात नव्हता. तू तोक्योला पळालास म्हणून माझ्यासाठी घरजावई आणला आणि दुकान त्यांच्या गळ्यात घातलं. मग खिशात मावणारी हिशोबाची यंत्रं आली आणि मणी ओवणारे हात रिकामे झाले. ह्यांनी कॉफीच्या दुकानांतल्या व्हिडिओ गेमना लाकडी पेट्या करून द्यायला घेतल्या, तेव्हा तू लिहिलं होतंस की कुसुमोतो घराण्याच्या नावाला बट्टा लागला. हे गेल्यावर मी म्हटलं, दुसऱ्याच्या खेळाला पेटी किती दिवस करायची, खेळच आपण करू. तेव्हा तू लिहिलंस, ताई, तुला वेड लागलंय. लागलं होतं खरं. त्या वेडावर आता तुझ्या कचेरीचं भाडं निघतं.

मुळा मजेत आहे. काळजी नको. भात दोनदा घेतो. नाव तुला सांगणार नाही. तू व्यापाऱ्यांबरोबर बसून प्यायला लागलास की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि बसावं तर तुला रोजच लागतं.

मिसाओचं म्हणशील तर घाई करू नकोस. किती कॅसेट हव्यात ते ऑक्टोबर संपायच्या आत क्योतोच्या कंपनीला कळवायचंय. ते बनवून देणार, आणि पैसे आधी घेणार. एकदा आकडा गेला की मागे फिरता येत नाही. चुकला तर हे घर, कारखाना, सगळं त्या कॅसेटखाली जाईल. एवढं पार पडू दे, मग स्थळ बघ. आणि तिला विचार. तिला तोंड आहे.

तांबा भागातल्या काळ्या सोयाबीनच्या शेंगा पाठवते आहे. नोबुएला आधी दे, तू मागाहून खा.

आशीर्वाद न मागताच देते, कारण तू कधी मागत नाहीस.
तोमिए

*

तोक्यो, १ ऑक्टोबर १९८५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेंगा पावल्या. नोबुएने मोजून दिल्या.

रागावू नकोस, पण मी थांबलो नाही. हाचियाशेठना थांब म्हणायची आपली टाप आहे का? गेल्या रविवारी मिसाओला बोलावून घेतलं आणि हॉटेलात रीतसर बैठक झाली. पोरगी किमोनोत उठून दिसत होती. बोलली फार नाही. मुलाने छंद विचारला तर म्हणाली, नद्या. बिचारा गोंधळला, पण शेठ म्हणाले वा, निसर्गाची आवड आहे. नंतर दोघांना बागेत फिरायला सोडलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यावरून मी समजलो की पसंत आहे. मुलाकडून होकार आला, मीही दिला. नोव्हेंबरातला चांगला दिवस बघून साखरपुड्याचा नजराणा येईल.

त्याच बैठकीत शेठनी मुळाबद्दल पुन्हा विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, शेठ, मुळा आमच्या घरचाच समजा. दुसरा भाग तोच करणार, तिसराही तोच करणार, हा कुसुमोतोंचा शब्द. शेठ इतके खूश झाले की आकडा तिथल्या तिथे वाढवला. मिसाओला त्या वेळी ठसका लागला. चहा गरम असावा.

तेव्हा ताई, दोन्ही कामं एका फटक्यात झाली. तू फक्त मुळासाहेबांना जप. माणूस गेला की दुकान गेलं.

लोभ कमी झाला असेल तर शेंगा पाठवून कळव.
शुन्साकु

*

ओनो, ८ ऑक्टोबर १९८५

ती. बाबांस,
मिसाओचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र बसून वाचा. आईलाही जवळ बसवा.

मुळा मीच आहे.

आत्याने मला चहा आणि टंकलेखनासाठीच ठेवलं होतं, ते खरं. पण आतोबा असताना कारखान्यात एक कॉम्प्युटर आणला होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. पुस्तकावरून मी शिकले. पाणमांजराने उडी मारल्यावर किती वेळ हवेत राहायचं हे ठरवायला मला पाऊण वर्ष लागलं. कमी ठेवलं तर पोरं चिडतात, जास्त ठेवलं तर कंटाळतात. आपल्या कारखान्यातल्या पूर्वी मणी ओवणाऱ्या आज्यांना मी जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसवत असे. त्यांची बोटं इतकी चपळ की खेळातल्या सगळ्या चुका त्यांनीच दाखवल्या. ज्या दिवशी मत्सुए आजीने जेवण सोडून पुन्हा एकदा, पुन्हा एकदा असं सुरू केलं, त्या दिवशी आत्या म्हणाली की झालं, हा खेळ विकला जाणार. माझ्या डब्यात त्या दिवशी मुळ्याचं लोणचं होतं, म्हणून नाव मुळा.

त्या दिवशी हॉटेलात मी सांगणार होते. पण मध्यस्थासमोर वडिलांना खोटं पाडणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. बागेत त्या गृहस्थांना मात्र मी स्पष्ट सांगितलं की मला लग्न करायचं नाही, काम करायचंय. ते हसले. त्यांना वाटलं मी लाजते आहे. माणूस वाईट नाही.

दुसऱ्या भागात पाणमांजराने ओलांडायची शेवटची नदी उरली आहे, ती मी वेळेत पुरी करीन. तुम्ही दिलेल्या शब्दासाठी नाही, ती पुरी केल्याशिवाय मला झोप येणार नाही म्हणून. पण वर्षअखेरीस मी नोकरी सोडली तर मुळाही सुटला. तिसऱ्या भागाचा शब्द तुम्ही ज्याच्या जिवावर दिलात, त्यालाच तुम्ही सासरी पाठवताय. मला हे काम आवडतं, बाबा. मला ते येतं. इतकं चांगलं येतं की तुम्ही न ओळखता दोन पत्रांत माझीच स्तुती केलीत. ती आत्याने मला वाचून दाखवली आणि मी खूप हसले. मग रडले.

आत्यावर रागावू नका. गुपित ठेवायचा हट्ट माझा होता.

तुमची,
मिसाओ

*

ओनो, त्याच दिवशी

चि. शुन्साकु यास,
अ. उ. आ.

मिसाओचं पाकीट चिकटवायच्या आधी हे आत घालते.

पूर्वेच्या खोलीत मुळासाहेब कधीचेच राहतात. तू सांगायच्या आधीच दिली होती.

तू हाचियाशेठना एका बैठकीत दोन शब्द दिलेस. मुलगीही दिलीस आणि मुळाही दिलास. माणूस एकच आहे, तेव्हा एक शब्द मोडावा लागेल. कुठला, ते तू ठरव. बाप तू आहेस, मी मध्ये पडणार नाही. तू काय ठरवतोस त्यावर मी क्योतोला आकडा कळवीन. पोरगी जाणार असेल तर मी लहान आकडा टाकीन, ही एवढी कॅसेट विकून कारखाना बंद करीन, आणि कुणाचा पैसा न बुडवता घरी बसेन. राहणार असेल तर मोठा टाकते. मी घाबरलेली नाही. पण वाट बघते आहे, आणि मला वाट बघायची सवय नाही.

तोमिए

*

तोक्यो, १९ ऑक्टोबर १९८५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर मी कुणाशी बोललो नाही. नोबुए म्हणाली, इतकी शांतता लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती. तिला माहीत होतं म्हणे! घरात मूर्ख एकटा मीच.

काल काळा सूट घातला, योकान मिठाईचा मोठा डबा घेतला आणि हाचियाशेठकडे गेलो. अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. एवढं थोर स्थळ आमच्या ऐपतीबाहेरचं, माफी असावी, की झालं. मी ते वाक्य सुरूही केलं. अर्ध्यावर आलो आणि मलाच माझी लाज वाटली. मुलीत काही खोट आहे असं उद्या बाजारात कुजबुजतील. मग डोकं जमिनीला टेकवलं आणि सरळ सांगून टाकलं, शेठ, मुळा माझी मुलगी आहे. तुम्हाला दोन्ही देता येत नाही. खेळ देतो.

शेठनी डबा बाजूला सारला. म्हणाले, मुलगीच ना? आज ह्याला नाही म्हणाली, उद्या दुसऱ्याला हो म्हणेल, मग तिसऱ्या भागाचं काय? मुलीच्या भरवशावर एवढा माल मी उचलत नाही. आणि आकडा निम्म्यावर आणला.

ताई, मी आयुष्यभर ह्या माणसाला हो म्हणत आलो. काल म्हणालो, ठीक आहे शेठ, निम्मा तुम्ही घ्या, उरलेला मी स्वतः दुकानोदुकानी नेईन. माझे पाय अजून शाबूत आहेत. 

तू पूर्ण आकडा टाक. निम्मा नको, एक कॅसेटही कमी नको. मिसाओला सांग, पडद्यावर मुळा नको. कुसुमोतो मिसाओ असं धडधडीत लिही. पळवून नेतील तर नेऊ देत. सख्ख्या बापाला जमलं नाही, ते परक्याला काय जमणार.

ह्या वेळी लोभ मीच वाढवला आहे, नोंद घ्यावी.
शुन्साकु

*

तोक्यो, १२ जानेवारी १९८६

चि. मिसाओ हिस,
अ. उ. आ.

आत्याने तुला आकडे सांगितलेच असतील, तरी मी पुन्हा सांगतो, मला सांगायला आवडतं. उरलेला निम्मा माल मी आणि तुझी आई मिळून फिरवला. कामाता, शिनागावा, पार योकोहामापर्यंत. तिला दुकानदार बसायला खुर्ची देतात, मला देत नाहीत, म्हणून बोलायचं काम तिने घेतलं आणि ओझ्याचं मी. नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एकही कॅसेट उरली नव्हती. पाचव्या दिवशी हाचियाशेठ जिना चढून आले. अजून माल मागत होते. मी त्यांना चहा दिला, बसवलं, आणि थोडं ताटकळतही ठेवलं. एवढं चालतं. त्यांच्या भाच्याचं सेंदाईच्या मुलीशी ठरलं, दोघं सुखात राहोत. तिसऱ्या भागाबद्दल शेठनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, तिला विचारून कळवतो.

आता माझं ऐक. तुझं नाव शेवटच्या पडद्यावर येतं असं म्हणतात. म्हणतात असं लिहितो, कारण मी अजून तिथवर पोचलेलो नाही. रोज जेवण झालं की बसतो आणि दुसऱ्या बंधाऱ्यावर बुडतो. शेजारच्या पोरांनी शेवट दाखवतो म्हणून सांगितलं, त्यांना हाकलून दिलं. तुझ्या आईने केव्हाच पाहिलं, आणि पाहून डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, पण मला तिच्या तोंडून ऐकायचं नाही. बाप आहे मी. ज्या मुलीला मी चहा देणारी समजलो, तिचं नाव मी माझ्या हाताने नदी ओलांडून वाचणार.

ते नाव वाचेपर्यंत तुझ्या लग्नाचा विषय काढणार नाही, असा शब्द काल तुझ्या आईला दिला. तिने माझं पाणमांजर बुडताना पाहिलं आणि म्हणाली, मग पोरगी जन्मभर सुटली.

तुझा,
बाबा