भुंकणाऱ्या सूनबाईच्या नावे घर

मी, खाली सही करणारा, इमारतींच्या कामावर चढायला परांची बांधणारा कारागीर, कामावर सगळे ज्याला मोत्या म्हणतात तो, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर हलले आहे ते आजाराने नव्हे, आनंदाने. आधीचे मृत्युपत्र मी आज संध्याकाळी फाडले. ते रद्द समजावे.

१. राहते घर मी मुलाच्या नावे केले होते. ते आता पत्रा, मोरी आणि मागच्या ओट्यासह सूनबाईच्या नावे करीत आहे. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर माझी बहीण म्हणेल, म्हाताऱ्याला चळ लागला.

उंचावर काम करताना कमरेला बांधायचे पट्टे आमच्या ठेकेदारांनी आणले ते तपासणीपुरते. तपासणीच्या साहेबांची पाठ वळली की ठेकेदार स्वतःच म्हणत, "पट्टा कुत्र्याला असतो रे! बांधलास ना? मग भुंकून दाखव." टोळी हसे आणि पट्टे खुंटीवर जात. माझ्या थोरल्या भावाने त्या हसण्याला लाजून पट्टा सोडला, आणि तो वरून पडून गेला. तेव्हापासून मी पट्ट्याशिवाय चढलो नाही. मोत्या हे नाव तेव्हाचे.

मुलगाही आमच्याच टोळीत, पण तो मात्र ऐकेना. "बाबा, सगळे भुंकतात माझ्यावर!" मी रागावलो, विनवण्या केल्या, अबोला धरला. तो ढिम्म.

आज सकाळी तो तसाच चढू लागला. सून तिथेच विटा वाहते. तिने घमेले खाली ठेवले, वर तोंड केले आणि भुंकायला लागली. खरेच भुंकली! भू भू भू! गवंडी थांबले, सळया कापणारे थांबले, ठेकेदार धावत आले.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"तो पट्टा बांधेपर्यंत भुंकणार. कामावरून काढलंत तर रस्त्यात उभी राहून भुंकेन."

हसून हसून टोळीची मुरकुंडी वळली. मुलाचे कान लालबुंद. त्याने चिडून पट्टा बांधला, हुक अडकवला. "झालं समाधान? आता गप्प बस, बाई!"

दुपारी त्याच्या पायाखालची फळी निसटली. फळी खाली गेली, मुलगा नाही गेला! वर लोंबकळत ओरडत होता, "आहे! मी आहे!" मला तर लिहितानाही उठून नाचावेसे वाटते आहे.

२. पाने, हातोडी आणि दोर मुलाला. दोर वापरण्याआधी दर वेळी नीट बघावेत.

३. माझा पट्टा कोणालाही देऊ नये. जुन्या पट्ट्याचा भरवसा नसतो; कापून टाकावा.

४. ठेकेदारांना माझ्यातर्फे एक कोरा पट्टा द्यावा. त्यांनी तो कमरेला लावावा. गळ्यात घातल्यास माझी हरकत नाही.

५. लोखंडी पेटी बहिणीला. आईने ती तिलाच द्यायची होती, असे ती लग्नापासून ऐकवते. घे बाई एकदाची. कुलूप बिघडले आहे, त्यावरून पुन्हा भांडू नये.

६. संध्याकाळी टोळीतल्या झाडून सगळ्यांनी पट्टे मागितले आणि ते पुरेनात! सगळ्यांना मिळेपर्यंत कोणीही वर चढायचे नाही, असे ठरले आहे. उद्या आम्ही सगळे खालीच बसणार. तेव्हा या मृत्युपत्राची कोणी घाई करू नये.

सही: मोत्या
ठिकाण: राहते घर
दिनांक: आजचाच

साक्षीदार: टोळीतला वेल्डर (सही), शेजारच्या शिंपीणबाई (सही).

सूनबाईला सही करायची होती. पण जिला घर मिळते तिची साक्ष चालत नाही, म्हणून ती रुसली आहे. मुलाचीही चालत नाही. तरी त्याने माझ्या हातून पेन ओढून खाली लिहिले आहे, ते कोणी खोडू नये:

"घर तिचंच असू दे. मी आज जिन्यानं खाली उतरलो."