सायकल निवड समिती, अध्यक्ष मी

स्वस्ति! निविदा-निर्दालक, दरपत्रक-दिवाकर, आक्षेप-शिरोमणी, त्रुटिशोधन-धुरंधर, सकल-पुरवठादार-मानभंजक, माजी अधीक्षक (खरेदी), विद्यमान कुटुंबप्रमुख (सौ.च्या मते प्रभारी), समस्त दुसरा मजला डावी बाजू यांचे अधिपती, अशा माझी ही खासगी दैनंदिनी. अन्य कोणी वाचताना आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.

३ मार्च, मंगळवार

रोजनिशी आजपासून. कारण: संताप. डॉक्टर म्हणतात, संताप मनात साठवू नका. ऑफिसात साठवायला कपाटे होती. घरी वही.

विषय असा. सौ.ला नोकरी लागली. आरोग्यकेंद्रात गृहभेट-परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन, रक्तदाब. लग्नाआधी ती हेच करायची. मग मुले, मग माझी आई, मग मी. मुले मार्गी लागली, आई गेली, माझी स्वेच्छानिवृत्ती झाली (स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी), तेव्हा ती म्हणाली, आता तुम्ही बसा घरी, मी जाते बाहेर.

अडचण एकच. तिचे सगळे रुग्ण पुलापलीकडचे, आणि तिकडे बस जात नाही. स्वतःची सायकल हवी. सोळा तारखेला रुजू, महिनाअखेरपर्यंत परीक्षेचा काळ. त्यात वेळा पाळल्या नाहीत तर जागा दुसरीला.

मार्ग: पुलापर्यंत डांबर, पुढे कालव्याच्या कडेने खडी, मग वीटभट्टीजवळची माती, आणि शेवटी जुन्या बाजारातली दगडी फरसबंदी. वाहन एक, भूपृष्ठे चार, आणि खर्च सौ.ने डब्यात साठवलेल्यातून. सामान्य मनुष्य गांगरला असता. मी हयात खरेदी विभागात घालवली आहे.

संकल्प: रविवारी सायकल दारात.

५ मार्च, गुरुवार

समिती स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य एक: सौ.चा धाकटा भाऊ, व्यवसायाने प्लंबर, वृत्तीने उद्धट.

सौ.ने विचारले, आणि मी कुठंय यात? तिला आमच्या विभागाचा मूलभूत नियम समजावला: वापरणाऱ्याने वस्तू निवडू नये. वापरणारा पक्षपाती असतो. या एका नियमामुळे आमच्या ऑफिसात खरेदीत कधी गैरव्यवहार झाला नाही. खरेदीही झाली नाही, पण तो मुद्दा गौण. ज्या खुर्च्यांच्या निविदा मी तपासत होतो, त्यांवर बसायचे ते सर्व जण उभ्याउभ्याच निवृत्त झाले. परंतु एकही निकृष्ट खुर्ची आत येऊ दिली नाही!

सौ. म्हणाली, अहो, बसायचं मला आहे त्या सायकलवर. मी म्हणालो, नेमका तोच आक्षेप आहे.

मेहुणा हसला. त्यास तोंडी समज दिली.

८ मार्च, रविवार

सायकलवाल्याकडे स्वतः गेलो. अत्यंत अडाणी मनुष्य. पहिलाच प्रश्न: बाई कुठायत? मी म्हणालो, त्या लाभार्थी आहेत, त्यांच्याशी पुरवठादाराला थेट संपर्क साधता येणार नाही. तर म्हणतो, मग काका, पेडल कोण मारणार?

काका! त्याच्या मिश्या पांढऱ्या आहेत!

संताप आवरून सीलबंद पाकिटात दर मागितला. त्याने आतून पाकीट आणले, जिभेने चिकटवले, दोन्ही हातांनी आदरपूर्वक दिले. घरी येऊन समितीसमक्ष उघडले. आत लिहिले होते: बाईंना घेऊन या.

मेहुण्याला ठसका लागला. सभा तहकूब.

आज रविवार होता. सायकल दारात नाही. कारण: पुरवठादाराची बेशिस्त.

११ मार्च, बुधवार

तांत्रिक अध्ययन. निष्कर्ष: बारीक टायर डांबरावर पळतो, खडीवर घसरतो. जाड टायर मातीत तरतो, डांबरावर म्हशीसारखा रेंगाळतो. म्हणजे दोन्ही अपात्र. पुढच्या चाकाला स्प्रिंग असलेली एक सायकल दिसायला भव्य आहे. सायकलवाला म्हणाला, या किमतीतली स्प्रिंग नुसतं ओझं हो काका, धक्का खात नाही, पाय खाते. विकणाराच म्हणतो घेऊ नका! यात निश्चित काहीतरी काळेबेरे आहे.

सौ. भाजी चिरता चिरता म्हणाली, मला टायर मधला पाहिजे, फार जाड नको, फार बारीक नको. दांडा खाली वाकलेला, म्हणजे दर घरी चढता-उतरता येईल. मागे बॅगेला कॅरिअर, चिखलाला मडगार्ड, बास.

'वापरणाऱ्याचे मत' या सदराखाली नोंदवून नियमानुसार बाद केले.

१३ मार्च, शुक्रवार

क्षेत्रीय चाचणी. मेहुण्याच्या मित्राची बारीक टायरची शर्यतीची सायकल मिळवली. सीट माझ्या पायांच्या मापाने वर केली. सौ. माझ्या खांद्याला लागते, पण मानक मोजमाप अध्यक्षांचेच धरावे लागते.

डांबरावर उत्तम. कालव्याशी खडीने अध्यक्षांवर हल्ला केला. कोपर, गुडघा, चष्मा. मेहुणा धावत आला आणि काय विचारावे त्याने? भावोजी, पुढचाच ब्रेक दाबलात ना? सहानुभूतीचा लवलेश नाही! कालवा खात्याला खडीविषयी खरमरीत पत्र लिहायचे आहे.

सौ.ने जखम धुतली. हात इतका हलका की पट्टी बांधून झाली तरी मी डोळे मिटूनच बसलो होतो. ती म्हणाली, झालं हो, उघडा आता डोळे. बांधताना ती काहीतरी गुणगुणत होती. कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

पट्टीची गाठ किंचित डावीकडे आहे. निदर्शनास आणून दिले.

१५ मार्च, रविवार

सदस्याचा राजीनामा. तोही तोंडी! म्हणतो, भावोजी, उद्या ताई रुजू व्हायचीय. तुमची समिती चालू द्या निवांत, मी ताईला जरा घेऊन जातो. कुठे, ते विचारले नाही. राजीनामा दिलेल्या सदस्याशी चर्चा नियमबाह्य आहे.

सायंकाळी सौ. परतली. गाल लाल, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. म्हणाली, अहो, ऐका ना, एक गंमत सांगायचीय. मी तुलनात्मक तक्ता आखत होतो, रेघ अर्ध्यावर होती. म्हणालो, लेखी दे.

तिने पदर खोचला. मग भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज आज अवाजवी होता. अशा वातावरणात तक्ता कसा पूर्ण होणार?

१६ मार्च, सोमवार

सौ. रुजू. सायकलीअभावी पायीच गेली असणार. मन गलबलले. संकल्प: आठवड्यात निर्णय, मग जग इकडचे तिकडे होवो!

परत आली तेव्हा उजेड होता. चालण्याचा वेग थक्क करणारा आहे. हे माझ्या प्रोत्साहनाचेच फळ म्हणावे लागेल.

१९ मार्च, गुरुवार

अनर्थ! जिन्याखाली, जिथे काहीही ठेवू नये असा सोसायटीचा ठराव आहे (मसुदा माझा), तिथे कोणा नतद्रष्टाने सायकल लावली आहे. हिरवी, रंग उडालेला, उघड उघड सेकंडहँड. टायर ना जाड ना बारीक. ज्याला स्वतःचे मत नाही अशा माणसाची निवड. दांडा लाचारासारखा वाकलेला. स्प्रिंग नाही. घेणाऱ्याला तांत्रिक ज्ञान शून्य असावे. मडगार्डचा चिखल माझ्या पँटला लागला, तो वेगळा.

सेक्रेटरीकडे तक्रार केली. तो गालातल्या गालात हसत म्हणाला, साहेब, आधी घरात विचारा की. घरात विचारा! मी काय घरात विचारून तक्रारी करतो?

२२ मार्च, रविवार

हिरवी सायकल अजून तिथेच. अंगाचा तिळपापड झाला. जेवताना सौ. म्हणाली, अहो, ती खाली हिरवी सायकल आहे ना, ती... मी हात वर करून थांबवले. बजावले, त्या सायकलीचे नाव या घरात काढायचे नाही. तिने माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, बरं.

आज्ञाधारकपणा अद्याप शिल्लक आहे.

२६ मार्च, गुरुवार, सकाळी लवकर

सनदशीर मार्ग संपले. खाली उतरलो, इकडेतिकडे पाहिले आणि हिरव्या सायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. फुस्स! काय तो नाद! हयातीत प्रथमच निर्णय आणि अंमलबजावणी एकाच दिवशी झाली. चहा दुप्पट गोड लागला.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

सौ. बॅग घेऊन खाली गेली. लगेच वर आली. विचारले, हवा कोणी सोडली? मी छाती काढून म्हणालो, मीच.

ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते. म्हणाली, अहो, ते पायाच्या जखमेचे आजोबा आहेत. मी यायच्या वेळेला पट्टी सोडून, पाय उघडा ठेवून बसतात. मग म्हणाली, सायकल माझी आहे. दोनदा सांगायला आले तुम्हाला.

आणि निघाली. सायकल हातात धरून, धावत.

मी पायजम्यातच मागे. पुलापाशी गाठले. ती मागे न बघता म्हणाली, बॅग धरा. धरली. सायकलवाल्याचे दुकान तिथेच, पण अजून उघडायचे होते. त्याचा दरवाजा मी इतका ठोठावला की शेजारचे बाहेर आले. तो दात घासत उतरला, सपाट टायर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. या खेपेस काका म्हणाला नाही. पंप आणला. हवा भरून दिली.

ती बसली. एक पाय अलगद पलीकडे, आणि निघालीसुद्धा. डांबर संपले, खडी लागली. सायकल थोडी थरथरली आणि सरळ गेली. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

पोचायला बराच उशीर झाला. केंद्रात नोंद झाली.

२८ मार्च, शनिवार

घरात शांतता. 'मीठ द्या' आणि 'दार लावा' याव्यतिरिक्त संवाद नाही. ज्या व्हॉल्व्हमधून कोणीही येरागबाळा सहज हवा सोडू शकतो, असा व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांचा मी तीव्र निषेध करतो. खरा दोष त्यांचा आहे. हे सौ.ला सांगणार होतो. तिने दिवा मालवला.

तुलनात्मक तक्ता पूर्ण झाला. सर्व सायकली अपात्र.

३१ मार्च, मंगळवार

निकाल: सौ. कायम. त्या आजोबांनी केंद्रात निरोप धाडला की त्या दिवशी तेच उशिरा उठले, बाई बिचारी दाराशी ताटकळली. धादांत खोटे. म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग, असे म्हणालो. सौ. म्हणाली, सांगितला कधीच.

मग तिने समिती विसर्जित केली. ठराव नाही, सूचना नाही, अनुमोदन नाही. यापुढे माझ्याकडे एकच खाते: रोज सकाळी ती निघण्यापूर्वी दोन्ही चाकांत हवा. मेहुण्याने हातपंप आणून दिला आणि म्हणाला, भावोजी, सोडता येते ना, मग भरताही येईल.

येत नाही. पंपाचे तोंड व्हॉल्व्हवर घट्ट बसत नाही. वर-खाली करावे तितकी हवा बाजूने निसटते. अंगठ्याने दाबून धरावे तर पंप मारायला हात उरत नाही. मेहुणा म्हणतो, वॉशर गेलाय. सायकलवाला म्हणतो, वॉशर ठीक आहे, पंपच या व्हॉल्व्हचा नाही, आणि माझा पंप दुकानाबाहेर जात नाही. या व्हॉल्व्हचा पंप कुठे मिळेल, हे दोघांपैकी एकही सांगत नाही! सेक्रेटरी म्हणतो, जिन्याखाली पंपाचा आवाज नको. घामाने चष्मा घसरतो आहे, मागचे चाक अजून मऊच आहे, सौ. बॅग लावून शेजारी उभी आहे आणि तिसऱ्यांदा विचारते आहे, झालं का?