चाळीस यो-यो आणि ग्रीसची डबी

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तब्येत विचारलीस, ती ठीक आहे. बिघडली आहे ती गावाची. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी परवा बोलावून सांगितलं, की आमच्या यो-यो मंडळाची वरची खोली आता वजन कमी करणाऱ्यांच्या वर्गाला हवी आहे. त्यांचे सभासद साठ. आमचे तीन: मी, पोस्टमन आणि दातांचे डॉक्टर. एप्रिलअखेर आमच्या वहीत वीस नावं दिसली तर खोली आमची, नाहीतर किल्ली परत. मी म्हटलं, साठ जण रोज तो जिना चढले तर वजन जिन्यातच उतरेल, वर खोली कशाला हवी? बाई हसल्या नाहीत.

तेव्हा आता जनतेला शहाणं करणं आलं. २८ तारखेला, शनिवारी, खालच्या मोठ्या दालनात जाहीर प्रयोग ठेवला आहे. पत्रक मीच लिहिलं, सोबत आहे. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात यो-यो द्यायचा म्हणून कारखाना सुटल्यावर फोरमनच्या परवानगीने लेथवर रोज दोन उतरवतो. चाळीस करायचे आहेत. एक तुला पाठवतो आहे, जपून वापर.

हसू नकोस. ही गेल्याला दोन वर्षं झाली. आठवड्याचे सहा दिवस माझ्याशी फक्त मशीन बोलतं. शनिवारी त्या खोलीत कोणीतरी माझी वाट बघत असतं. खोली गेली तर माझा शनिवारही गेला.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. यो-यो दिसायला देखणा आहे यात वाद नाही. खाली सोडला. तो गेला, दोरीच्या टोकाला जाऊन गरगरत बसला आणि वर यायचं नावच घेईना. झटका दिला, हाक मारली, शेवटी विनवण्या केल्या. तुझ्या भाच्यांना जेवायला बोलावतानाही मी एवढा घसा ताणला नव्हता. मग हाताने दोरी गुंडाळली, परत सोडला, परत तेच. लहानपणी आपल्याकडे लाकडी होता, तो बिचारा सोडला की मुकाट्याने वर यायचा. हा तुझ्यावर गेला आहे.

पत्रक वाचलं. पहिल्याच ओळीत ‘परिघीय वस्तुमान’ आणि शेवटी ‘फक्त गंभीर इच्छुकांनी यावे’. लोकांना आमंत्रण द्यायचं आणि उंबऱ्यावर काठी घेऊन उभं राहायचं, ही कला तुझीच.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हे महिन्याला चार वाक्यं बोलतात, हे तुला माहीत आहेच. त्यातलं एक तुझ्यासाठी खर्च केलं. डोळ्याला भिंग लावून यो-योच्या पोटातलं बेअरिंग पाहिलं आणि म्हणाले, की यात थोडं घट्ट ग्रीस घाला म्हणावं, येईल वर. तुला कळवायला सांगितलं, म्हणून कळवते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तू अक्कलही वाढव.

तुझी,
ताई


ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अगं, झटक्याने वर येतात ते जत्रेतले यो-यो! चांगला यो-यो टोकाला जाऊन शांत फिरत राहतो, म्हणून तर त्याच्यावर पन्नास करामती करता येतात. करामत संपली की दोरीचा एक वेढा त्याच्या पोटात द्यायचा, की तो सुळकन हातात. हा वेढा शिकायला मन लावलं तर फक्त तीन आठवडे लागतात.

दाजींना सांग, माझं बेअरिंग म्हणजे दाराचं बिजागर नव्हे. त्यात ग्रीस घालायचं म्हणजे शर्यतीच्या घोड्याचे पाय बांधण्यासारखं आहे. जनतेला चांगली वस्तू दिली की तिला ती कळते. पूर्वी नाही का, आमच्याकडे पस्तीस माणसं होती. पहिल्या दिवशी आलेला माणूस दुसऱ्या शनिवारी हमखास यायचा. पुढे कोणाची बदली झाली, कोणाला मूल झालं, जुने गळाले आणि दोन वर्षांत नवा एकही टिकला नाही. लोकांना धीर राहिला नाही, दुसरं काय.

अठ्ठावीस यो-यो तयार झाले. आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा


ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रयोग झाला. अभिनंदनाचं पत्र लिहायला बसली असशील तर शाई वाचव.

चाळीसच्या चाळीस माणसं आली, कारण बाहेर ऊन होतं आणि दालनात पंखे. मी अकरा करामती केल्या, टाळ्या पडल्या. मग यो-यो वाटले आणि म्हटलं, सोडा! चाळीस यो-यो एकदम खाली गेले, ताई, आणि खालीच राहिले. सगळं दालन माना खाली घालून बघत उभं. दातांचे डॉक्टर इकडून तिकडे धावत वेढा समजावत होते. त्यांना हात जवळ आणताना पाहून दोघांनी सवयीने तोंडच उघडलं. एका शिंप्याने न कंटाळता तीस वेळा दोरी गुंडाळली, आणि शेवटी माझ्यापाशी येऊन, आपल्याच हातात काही खोट असेल, असं म्हणून माफी मागून गेला. बेकरीवाल्या बाई मात्र ठणकावून म्हणाल्या, की सगळाच माल बिघडलेला निघाला तर दुकानदार तरी बदलून देतो.

वहीत दोन नावं आली. दुसऱ्याने ती तक्रारवही समजून लिहिलं आहे.

तुला ‘सांगितलं होतं’ असं लिहायचा मोह होईल. लिही, मला चालेल. त्या शिंप्याचं मात्र मनाला लागलं. घरी येऊन यो-यो टोकाला फिरवत बसलो, तर मलाही वाटलं, हा वर का येत नाही? गाढवापुढे गीता वाचली असं लोकांकडे बोट दाखवून म्हणणार होतो, पण त्यात गाढव कोण ते आता नीटसं सांगता येत नाही. एप्रिलअखेर किल्ली देऊन टाकतो.

लोभ असावा. यावेळी जरा जास्त असावा.

तुझा,
धाकटा


ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

‘सांगितलं होतं’ असं मी लिहिणारच होते, पण तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि ह्यांनी महिन्याची चारही वाक्यं एकदम संपवली. वर पुढच्या महिन्यातली दोन उसनी घेतली. मलाही हे आजच कळलं, म्हणून ऐक.

तुझी बायको वर्षाला एक ग्रीसची डबी ह्यांच्याकडून मागवून घ्यायची. घड्याळजीचं घट्ट ग्रीस. तू खोलीत करामती करायचास आणि ती दाराशी वही घेऊन बसायची, आठवतं ना? नवा माणूस आला की ती त्याला आपल्या पिशवीतला यो-यो द्यायची. असायचा तुझाच, पण ग्रीस घातलेला. तो झटक्याने वर यायचा. माणूस खूश होऊन दुसऱ्या शनिवारी यायचा. महिनाभराने हात बसला, की ती त्याचं बेअरिंग रॉकेलने धुऊन द्यायची, आणि इकडे तुला वाटायचं, काय आपण शिकवतो!

तुला सांगायचं नाही, असं तिने ह्यांच्याकडून वचन घेतलं होतं. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. म्हणूनच हे मार्चमध्ये एका वाक्यावर थांबले, आणि तू त्यावर बिजागराचा टोमणा मारलास.

तिच्या शिवणमशीनचा खालचा खण उघड, डबी ती तिथेच ठेवायची असं हे म्हणतात. दोन वर्षांत उघडला नसशील, ठाऊक आहे मला. मला तिची फार आठवण येते रे. तू मूर्ख आहेस, पण एकटा राहू नकोस.

तुझी,
ताई


ता. २६ एप्रिल

ती. ताईस व ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

खण उघडायला मला चार दिवस लागले. आत नऊ यो-यो होते, माझेच, माझ्या लेथचे. प्रत्येक बेअरिंग ग्रीसने माखलेलं. शेजारी दाजींची डबी, तळाशी थोडं उरलेलं. आणि वहीचा फाडलेला कागद, तिच्या त्या तिरप्या अक्षरात: ‘पहिल्या दिवशी हाच द्यावा. ह्यांना सांगू नये.’

बारा वर्षं, ताई. बारा वर्षं मी लोकांना शिकवत होतो. बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून रडलो, आणि मग हसूही आलं, कारण लपवलं तेही कुठे, तर माझा हात ज्या खणाला कधी लागणार नाही अशा खणात.

मग प्रयोगाच्या दिवशी लोक दालनातच ठेवून गेले होते त्या चाळिसांनाही ग्रीस लावलं. शिंप्याच्या दुकानात स्वतः गेलो आणि हात तुमचा नव्हे, यो-यो माझा बिघडलेला होता, असं कबूल केलं. ग्रीसवाला त्याच्या हातात दिला, त्याने चारचौघांत सोडला आणि तो वर आला. त्याने पुढच्या शनिवारी भावाला आणलं. बेकरीवाल्या बाईंनी बदली माल स्वीकारला आणि गिऱ्हाइकांना दाखवत सुटल्या. नवीन पत्रकावर पोस्टमनने तीनच शब्द लिहिले: ‘या, खेळून बघा.’ त्याने ते घरोघर टाकलंही.

काल ग्रंथपाल बाईंनी वही तपासली. तेवीस नावं. तेविसावं त्यांचंच आहे. तपासताना एक यो-यो हातात धरून बघत होत्या. खोली राहिली.

काल करामती पोस्टमनने केल्या. मी दाराशी तिच्या खुर्चीत वही घेऊन बसलो होतो. तिथून खोली वेगळीच दिसते. नवा माणूस आत यायला किती कचरतो, ते मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं. शिंप्याने येऊन विचारलं, की पोस्टमनचा यो-यो खालीच थांबतो, मग माझा कसा काय वर येतो? मी म्हटलं, तुमचा हात चांगला आहे. बाकी काही सांगितलं नाही. तसं लिहूनच ठेवलं आहे.

दाजी, बिजागराबद्दल क्षमा करावी. लोभ असू द्यावा, आणि डबी लवकर पाठवावी. ग्रीस संपत आलं आहे.

आपला,
धाकटा