गालावर घाव असलेलं नाणं

मंगळवार, ९ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. घरी सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते कळायला मार्ग नाही. फोन बंद ठेवलायस, म्हणून हे पत्र तुझ्या गॅरेजवाल्या मित्राच्या हाती देतेय. तू कुठे आहेस ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. आईचा गुडघा आता बरा आहे. "न सांगता कसा गेला?" म्हणून दिवसभर माझं डोकं खाते.

आता तुझ्या नाण्याचं. तू म्हणालास, "ताई, तुमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात कुणाला न सांगता बघ. खरं आहे का, आणि किती येतील?" खरं आहे. रोमन आहे, सोन्याचं, सम्राट टायबेरियसचं, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली बाई. वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, असायला हवं तेवढं. नकली नाणी बहुतेक ओतलेली असतात, भिंगाखाली त्यांच्यावर बारीक बुडबुडे दिसतात, कडेला सांधा दिसतो. हे ठशाखाली ठोकलेलं आहे. अक्षरांच्या बाजूने सोनं ताणलेलं दिसतं. पण कृपा कर, यापुढे असली वस्तू टूथपेस्टने घासू नकोस. चमकवायला गेलास आणि किंमत उतरवून बसलास.

सम्राटाच्या गालावरचा घाव बघून "खोदताना माझ्या पोकलेनचा दात लागला" म्हणून हळहळत होतास ना? तो तुझा नाही. त्याच्या तळाशी माती दगडासारखी बसलीय. त्या काळीच कुणीतरी मुद्दाम घातलेला आहे, बहुधा आतपर्यंत सोनं आहे का ते बघायला.

किंमत म्हणशील तर नुसत्या सोन्याच्या निदान तिप्पट. तुला स्वतःचं सेकंडहँड पोकलेन मशीन घ्यायचंय, त्याची सुरुवात झाली असती. 'असती' का म्हणतेय, ते आता लिहिते. टाळून टाळून इथवर आले.

शुक्रवारी दुपारी मालकांनी मला आतून बोलावलं. काउंटरवर एक जाडजूड माणूस, समोर रुमाल, रुमालात दोन नाणी. तोच सम्राट, तीच बाई, आणि दोन्हींच्या गालावर तसाच घाव. तुझा कंत्राटदार! चेहरा लपवायला मी खाली वाकून नाणी काट्यावर ठेवली.

"आहे का काही दम यात?" तो म्हणाला. "नसेल तर आजच वितळवतो. सोनाराशी बोलून ठेवलंय."

"मिळाली कुठे?" मालकांनी विचारलं.

"खोदकामात. अजून असतील. सोमवारी तिथं काँक्रीट पडायचंय, त्याआधी सगळं उकरून काढतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक आमचा ड्रायव्हरच घेऊन पळालाय. तुमच्याकडे आलं होतं का कुणी असलं नाणं घेऊन?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. तुझं नाणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण माझा चेहरा ते किती वर्षं बघतायत.

"नाही," मी म्हणाले.

"बरं. ही खरी की खोटी, तेवढं सांगा बाई."

किरकोळ आहेत म्हणाले असते, तर ती संध्याकाळी सोनाराच्या मुशीत गेली असती आणि पुढची सगळीही. पण एका नाण्यासाठी तुझ्या मागे कुणी लागलं नसतं. खरं सांगितलं, तर तुझ्याकडे काय आहे ते त्याला कळणार होतं.

मी खरं सांगितलं. किमतीसकट.

तो हसला. "मग त्या हरामखोराला शोधायलाच हवं," म्हणाला आणि रुमाल खिशात घालून गेला.

मी मालकांना सांगितलं, "तो माझा भाऊ आहे." त्यांनी शटर खाली ओढलं. "मग बसलीस काय? चल." आम्ही पुरातत्त्व कार्यालयात गेलो. तुझं नाणं मी तिथल्या अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवलं. "कुणाला सापडलं?" त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. बिननावाचं राहिलं असतं तर तू चोर ठरला असतास. नाव दिलं म्हणून निदान ज्याला सापडलं तो तू आहेस.

त्याच दिवशी काम थांबवलं गेलं. पण कंत्राटदार म्हणतो, नाणी विकत घेतली, खड्ड्यात काही नव्हतं, आणि ड्रायव्हरने माझ्या ऑफिसातून चोरी केली. नेमकी जागा फक्त तुला माहीत आहे. गुरुवारी सकाळी अकराला पुरातत्त्वचे लोक साइटवर येतील. तू आला नाहीस, तर त्याचंच खरं होईल.

तुला न विचारता केलं. वेळ आली तर परत तसंच करीन.

तुझा सगळा राग ऐकून घ्यायला तयार असलेली,
ताई


२ एप्रिल

ताईस,

नमस्कार. मला पत्र लिहिता येत नाही, सांभाळून घे. त्या दिवशी साइटवर तुझ्याशी बोललो नाही, ते मुद्दाम.

तू माझं नाव दिलंस हे वाचल्यावर मी मित्राच्या गॅरेजात पाना फेकून मारला. कुणाला लागला नाही. येणारच नव्हतो. पण चोर म्हणून किती दिवस लपणार?

तुला दिसलं नसेल, फाटकाशी कंत्राटदाराने माझा दंड धरला होता. हळूच म्हणाला, "जागा आठवत नाही म्हण. पगार देतो, मशीन देतो." मशीन म्हणाला, ताई. मी दंड सोडवून घेतला. खड्ड्यात उतरलो तर खरंच जागा ओळखेना, सगळं उकरलेलं. तो वरून बघत होता, वाटलं हा आता जिंकला. मग पुरातत्त्वच्या बाईंना म्हटलं, मला पोकलेनच्या केबिनमध्ये बसू द्या. माझ्या सीटवर बसलो, तेव्हा नाणं सापडलं त्या दिवशीसारखेच पाण्याची टाकी आणि पंपघराचा कोपरा एका रेषेत आले. तिथंच, म्हटलं.

पुढचं तू लांबून पाहिलंच आहेस. नाणी पुरलेल्या मडक्याचा तळ शाबूत होता. त्यातली नाणी मोजायला बाईंना संध्याकाळ झाली. कंत्राटदाराने रुमाल आपणहून काढून दिला.

मला तिकडे आता कुणी काम देत नाही. इथं दगडाच्या खाणीत लागलोय. सरकारी बक्षीस म्हणतात मिळेल, कधी ते त्यांनाच ठाऊक. मशीन सध्या तरी गेलं, आणि ते तुझ्यामुळे गेलं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पण मडकं दिसलं तेव्हा सगळे वाकले, आणि मी मागे वळून तुलाच शोधत होतो. तू मुद्दाम लांब उभी होतीस.

राग आहे अजून. उतरला की येईन. तोवर लिहीत जा, पत्ता खाली दिलाय. तो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

तुझाच,
बारक्या