श्रीरंगचे रबरी मासे

श्रूजबरी, अमेरिका, १२ जुलै १९८६

प्रिय सरला,

मी ठणठणीत आहे, काळजी नसावी. तुझा गुडघा काय म्हणतो?

आपला श्रीरंगही मजेत आहे, पण मला शंका येते. तीन आठवडे झाले, कामाच्या दिवशीही तो मला घेऊन तळ्यावर जातो. "बाबा, ऑफ आहे," म्हणतो. युनियनच्या चाळीस वर्षांत इतकी सुट्टी देणारा मालक मी पाहिला नाही!

तो बास नावाचा मासा धरतो, तोही रबरी मासा गळाला लावून. डबाभर रंग आहेत. "पाणी डर्टी असलं की पांढरा, क्लिअर असलं की हिरवा," असं तासभर समजावतो. ऑफिसचं विचारलं की मात्र गळाची गाठ तपासत बसतो. परवा दीड किलोचा बास लागला. मी ताटातल्या झणझणीत तिखल्याची स्वप्नं बघतोय, तर याने तो पाण्यात सोडून दिला!

काल काठावरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकनाने त्याला विचारलं, "नव्या नोकरीचं जमलं का काही?" श्रीरंगने माझ्याकडे पाहिलंच नाही. एवढे ग्रंथ वाचले, कारखान्यांच्या दारांवर गर्जलो, पण तिथे फक्त डब्यातला पांढरा मासा उचलून मी त्याच्या हातात दिला.

"पाणी क्लिअर आहे, बाबा."

"असू दे. लाव."

त्याने लावला.

तू पत्रातून त्याला काही विचारू नकोस. गणपतीला मी येत नाही. यंदा आरत्या तूच खणखणीत म्हण.

तुझा,
दत्ताराम