न बोलणारी अकाबी

सोमवार, ३ मार्च १९२४, अलेप्पो

आज पुन्हा तेच! वाचनाचा पहिला धडा पुढे केला, तर अकाबीने ओढणीचं टोक तोंडावर धरलं नि मान खाली घातली. वाळवंटातून सुटून इथे आल्याला महिना झाला, पण एक शब्द नाही. हनुवटीवर निळं गोंदण — अरबांच्या तंबूत काढलेल्या वर्षांची खूण.

हे आश्रयघर चालवणाऱ्या मिस टोर्प माणसं पाठवून आमच्या अशा आर्मेनियन बायका सोडवून आणतात. स्वतः त्यांना न्हाऊ घालतात, उवा काढतात, भरतकामाला बसवतात. पण त्यांचं आर्मेनियन मोडकं. म्हणून विचारपुशीला दुभाषा मीच.

बुधवार, ५ मार्च

मिस टोर्पनी ठरवलं — अकाबी मुकी आहे. "बेरूतला मुक्यांची शाळा आहे, मास्तर. शनिवारी पाठवू." मी तिला सांगितलं. ती रडली. बोलली नाहीच.

दुपारभर आमच्या गावची शाळा डोळ्यांपुढे! तुतीखालचा वर्ग, वसंतावरची कविता, आणि आमचा मुलगा गारेगिन बाकावर उभा, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून म्हणणारा. नऊ वर्षांपूर्वी मला तुर्की सैनिकांनी रस्त्याच्या कामावर नेलं. परतलो तर गाव रिकामं, सगळ्यांना वाळवंटाकडे हाकललेलं. पण पोरगा चिवट आहे. कुठूनतरी येईल.

गुरुवार, ६ मार्च

ऊन छान. धडा झाला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. स्वयंपाकीण गुलेनियाला म्हटलं, मुक्या पोरीला वाटेत खायला काहीतरी बांधून दे. ती पळी आपटून म्हणाली, "मुकी? अहो मास्तर, कांदे चिरताना तिच्या तोंडाला खळ नसतो! तुमची पावलं वाजली की कुलूप!"

मला रागच आला. "का? मी काय वाघ आहे?"

"वाघ नाही. सासरा."

मी हसलो. ती हसली नाही.

"तिने शपथ घातली होती, पण उद्या तिला गाडीत बसवणार, मग शपथ काय चाटायचीय? तुमचं नाव-गाव ऐकलं त्या दिवशीच ती हादरली. म्हणते, मामंजींनी 'बोल' म्हटल्याशिवाय सून कशी बोलणार? आणि हे गोंदण बघून ते म्हणतील तरी कशाला?"

पिठाच्या पोत्यावर बसलो. खरंच, आमच्याकडची रीतच ती. सासरा हातात काहीतरी भेट ठेवून 'बोल' म्हणेपर्यंत सून त्याच्यापुढे गप्प. आमची ही माझ्या वडिलांपुढे कितीतरी वर्षं बोलली नव्हती!

गावाला हाकललं तेव्हा वाटेतच घाईघाईने लग्नं लावली होती म्हणे, पोरींना कोणाचा तरी आधार असावा म्हणून. गारेगिनचंही? आणि बाप लग्नाला नाही!

तिच्याकडे जायला निघालो. दारातून मागे फिरलो. रिकाम्या हाताने कसं जायचं?

शनिवार, ८ मार्च

बाजारातून संत्रं आणलं. ती वळकटी घेऊन अंगणात उभी होती, मिस टोर्प गाडीवाल्याशी बोलत होत्या. सगळ्यांसमोर संत्रं तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, "बोल, सूनबाई."

तिने तोंडावरची ओढणी खाली केली. "मामंजी, त्यांना मीच पुरलं. खाबूर नदीच्या काठी. ताप होता. मारलं नाही कोणी."

"काय म्हणाली? मास्तर, काय म्हणाली ती?" मिस टोर्प विचारत राहिल्या.

मी दुभाषा. मला सांगता आलं नाही.