डिझेलच्या बोटीबद्दल माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करणे, राहणार धक्क्यामागच्या गल्लीत, वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्या लोकांविषयी मी खाली लिहिणार आहे त्यांनी असा दाखला आजवर कोणालाही दाखवलेला नाही, याचीही नोंद असावी. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला मूलबाळ नाही, नवरा चौदा वर्षांपूर्वी गेला. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी राहते घर धाकट्या भावाला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते पुढे येईलच.

वकिलांचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात टोमणे नसावेत. मी विचारले, टोमण्यांमुळे ते बेकायदा ठरते का? ते म्हणाले, तसे नाही. मग राहू देत.

कलम एक. माझ्या पश्चात या पत्राची अंमलबजावणी माझी भाची करील. ती वर उल्लेखिलेल्या भावाची एकुलती एक मुलगी, वय तेहतीस. दिवसा पोहायला शिकवते, आणि फोन वाजला की बंदर बचाव मंडळाची बोट घेऊन समुद्रात जाते. त्याचा पगार नाही. तोंडवळा बापाचा घेतला आहे, अक्कल नशिबाने आत्याची घेतली.

कलम दोन. वर्कशॉपमधली सर्व हत्यारे, पान्यांचे तिन्ही संच, चेनपुली, दोन जॅक आणि उरलेले सर्व सामान भाचीला द्यावे, फक्त खिडकीखालचा पोळपाटाएवढा लोखंडी शेगडा सोडून. शेगडा कोणीही न्यावा, तो कधीच नीट पेटला नाही. हत्यारे भावाच्या बोटविक्रीच्या दुकानात एक दिवससुद्धा ठेवू नयेत. नवरा गेल्यावर वर्षभर बोटवाले दारात उभे राहून विचारत, "मालक कुठेत?" मी सांगायची, "मालक वर गेले, इंजिन खाली आहे. कोणाला भेटायचंय?" वर्षभराने त्यांनी विचारणे सोडले. माझा भाऊ मात्र आजही गिऱ्हाइकांना सांगतो की ताई छंद म्हणून इंजिने बघते. छंद म्हणून माणूस फुले लावतो. छंद म्हणून कोणी दुसऱ्याच्या इंजिनाखाली उताणे पडून तोंडावर काळे तेल घेत नाही.

कलम तीन. येथे मी कारण लिहिते, कारण माझ्या मागे लोक म्हणतील की म्हातारीचे डोके फिरले.

पाच वर्षांपूर्वी मंडळाने नवी बोट घ्यायचे ठरवले. तळ कडक, कडेला हवा भरलेल्या जाड रबरी नळ्या, अशी लहान बोट. इथपर्यंत सगळे बरोबर होते. अशी बोट उथळ पाण्यात जाते, लाटेवर उसळून परत सरळ बसते, आणि बुडणाऱ्या माणसाच्या अंगाला अंग लावले तरी त्याला मार लागत नाही. प्रश्न फक्त इंजिनाचा होता. मी डिझेल म्हटले. माझ्या भावाच्या दुकानात पेट्रोलवर चालणारी एक बोट दीड वर्ष काचेमागे उभी होती. तिच्यावरची धूळ मीच एकदा बोटाने पुसून त्याला दाखवली होती. त्याने ती मंडळाला निम्म्या दरात देऊ केली आणि हार घालून घेतला.

निवड समितीने बोटीची चाचणी घेतली ती अशी. पाणी बशीतल्या दुधासारखे शांत. अध्यक्ष, ज्यांचे फर्निचरचे दुकान आहे आणि ज्यांना बंदरात सगळे 'कुशन' म्हणतात, बूट घालून बसले. त्यांनी सीट दाबून पाहिली. सीट त्यांना आवडली. बोट जोरात गेली, ते त्यांना आणखी आवडले. पाण्यातून माणूस वर ओढून बघायचा होता, म्हणून त्यांनी एक लाइफजॅकेट पाण्यात टाकले आणि दोन बोटांनी उचलून घेतले. टाळ्या झाल्या. मग मत घेतले. बोट चालवणाऱ्यांना त्या मंडळात मत नाही, बोटीच्या फोटोत उभे राहणाऱ्यांना आहे. बारा विरुद्ध एक. ती एक मी, जुनी सभासद म्हणून.

मी तेव्हा सांगितले होते ते पुन्हा सांगते. या बंदरातल्या प्रत्येक मासेमारी बोटीला आणि जहाजे ओढणाऱ्या टगला डिझेल लागते, म्हणून धक्क्यावर पंप आहे तो डिझेलचा. पेट्रोल आणायचे तर गावातल्या पंपावरून कॅन भरून, अध्यक्षांच्या गाडीच्या डिकीतून. एकदा अध्यक्ष लग्नाला गेले होते. बोट दोन गळवाल्यांना वाचवून परत येताना वाटेत कोरडी पडली, आणि एका मासेमारी बोटीने वाचवणारे आणि वाचलेले असे सगळेच एका दोरीने ओढत आणले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्याकडे काडीलाच आधार लागला.

आणि दुसरी गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते. त्या बोटीत टाकी फळीखाली आणि बॅटरीचे बटण टाकीशेजारी. म्हणून सुरू करण्याआधी चालवणाऱ्याने गुडघ्यावर बसून, झाकण उघडून, नाक आत घालून वास घ्यायचा, अशी मंडळाची रीत पडली. वास आला नाही तर बटण दाबायचे. म्हणजे चाळीस हॉर्सपॉवरच्या बोटीची सगळी सुरक्षा माझ्या भाचीच्या नाकावर. मागच्या सप्टेंबरात तिला सर्दी झाली होती. फोन वाजला, ती धावत गेली, गुडघ्यावर बसली, नाक आत घातले. वास आला नाही. तिने बटण दाबले.

भुवया, पापण्या आणि कपाळावरचे केस गेले. ती पाण्यात उडी मारून वाचली. डोळ्यांवरची पट्टी निघेपर्यंत आठ दिवस मी तिच्या खाटेजवळ बसून होते, आणि मी घाबरले होते. टोमणे मारायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्या आठ दिवसांत एकही सुचला नाही. डोळे वाचले. मंडळाच्या अहवालात या प्रकाराला 'किरकोळ' असा शब्द आहे. बैल गेला नि झोपा केला, असे म्हणतात. यांनी झोपासुद्धा केला नाही, पाटी लावली: 'सर्दी असल्यास बोट सुरू करू नये.' भावाच्या दुकानातून नवे बटण आले, तीच बोट परत पाण्यात उतरली. मी भाचीला म्हटले, "जाऊ नकोस त्यातून." ती म्हणाली, "आत्या, दुसरी आहे का आपल्याकडे?"

कलम चार. सबब, माझ्या पश्चात माझे राहते घर व खालचे वर्कशॉप जागेसह विकून त्या रकमेतून डिझेलवर चालणारी, कडक तळाची व हवेच्या कडांची एक लहान बोट घ्यावी. बोट भाचीच्या मालकीची राहील व मंडळाला वापरायला दिली जाईल. निवड फक्त भाची करील. समितीने लांबून बघावे.

निवडताना पुढील गोष्टी पाळाव्यात. मी सहा महिने यावर घालवले आहेत, चार विक्रेत्यांना भेटले आहे, आणि त्यातल्या तिघांनी मला चहा दिला पण इंजिनाचे झाकण उघडून दिले नाही.

लांबी मंडळाच्या शेडमध्ये मावेल इतकीच. शेड बोटीसाठी वाढवता येत नाही, अध्यक्षांचे डोके शेडसाठी वाढवता येत नाही. डिझेलचे इंजिन जड असते, मान्य. महाग असते, मान्य. सुटायला जरा वेळ घेते, तेही मान्य. पण ते एका ठिणगीने माणसाच्या तोंडावर येत नाही. इंजिन असे घ्यावे ज्याचे सुटे भाग याच बंदरात मिळतात, कारण जगातले उत्तम इंजिन सुटा भाग येईपर्यंत नुसता नांगर असते. माझा उजव्या हाताचा चामडी हातमोजा हत्यारांच्या वरच्या खणात आहे. तो घालून फिल्टरपर्यंत हात पोचला पाहिजे. सीट काढल्यावर पोचतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथेच नमस्कार करावा. बोट ढकलायला पाण्यात फिरणारा पंखा की पाण्याचा झोत फेकणारे जेट, यावर माझे मत अजून ठरलेले नाही. ते भाचीने ठरवावे.

चाचणी वारा सुटलेल्या दिवशी घ्यावी. इंजिन थंड असताना बंद-चालू, बंद-चालू, असे दहा वेळा करावे. आणि पाण्यातून माणूस वर ओढून बघावा, खरा माणूस, पूर्ण कपड्यांत, भिजलेला, हातपाय ढिले सोडलेला. कड उंच असली तर दोघांच्याने तो वर येत नाही, आणि हे दुकानात कळत नाही. या कामासाठी मी अध्यक्षांचे नाव सुचवते. त्यांचे वजन योग्य आहे आणि हातपाय ढिले सोडायची त्यांना सवय आहे.

कलम पाच. बँकेतली ठेव बोटीच्या तेलाला, फिल्टरांना आणि दरवर्षीच्या देखभालीला. त्यातून सीटवर कुशन घेतल्यास ठेव रद्द.

कलम सहा. माझ्या धाकट्या भावास या पत्रान्वये काहीही मिळणार नाही. तो दुष्ट नाही. दुष्ट माणूस निदान विचार करून वागतो. लहानपणी शिडी न धरता मला छपरावर चढवले आणि वर गेल्यावर शिडी घेऊन खेळायला गेला, तो हाच. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले तेव्हा दुसरा साक्षीदार कोण, हे मी तिथल्या तिथे ठरवले. म्हणजे पुढे भांडायला जागा नको.

पुरवणी. ही वकिलांच्याच टेबलावर, सही करण्याआधी लिहीत आहे.

पहिले साक्षीदार, डॉक्टर, आधीच येऊन बसले होते. भाऊ अकरा वाजता आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दुकानाचे नाव छापलेले पेन. म्हणाला, "ताई, आधी वाचतो."

मी म्हटले, "साक्षीदाराने वाचायची गरज नसते. माझी सही बघायची, आपली करायची."

"तरी वाचतो."

त्याने उभ्यानेच सगळे वाचले. शिडीचेही. मी उत्तरे तयार ठेवून बसले होते, दोन तर फार चांगली होती. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "जेट घे. पंखा नको. मागे पाण्यात माणूस असतो."

पाच वर्षांत त्याने बोटीविषयी काढलेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य. ते मी मान्य करते. कलम चारमध्ये जेट असे वाचावे.

मग त्याने विचारले, "आणि तू मरणार कधी?"

वकील खोकले. मी म्हटले, "काय बोलतोस?"

"डॉक्टरांचा दाखला वाचला ना आत्ता. तुझं हृदय ठणठणीत आहे म्हणे. अजून पंधरा वर्षं सहज काढशील. तोवर पोरगी कशात बसणार, ताई? माझ्याच बोटीत ना?"

त्याचा आवाज फाटला होता. त्याला असे बोलताना मी आमची आई गेली तेव्हा ऐकले होते, त्यानंतर नाही.

सहा महिने मी कागदावर बोट निवडत होते, एकेक वाक्य धार लावून लिहीत होते, आणि त्याच सहा महिन्यांत भाची अकरा वेळा त्या झाकणापाशी गुडघ्यावर बसली. अकरा वेळा मला फोन वाजल्याचे कळले होते. या पत्रात मी बारा जणांना मूर्ख ठरवले आहे. तेरावे नाव राहिले होते, ते येथे नोंदवते. माझे.

म्हणून कलम चार रद्द करते. घर व वर्कशॉप मी हयातीतच विकत आहे, आणि बोट आत्ता घेत आहे. भाऊ आज दुपारीच आपली पेट्रोलची बोट दुकानात परत नेत आहे. नवी येईपर्यंत मासेमारीची एक डिझेल होडी माणसासकट भाड्याने घेऊन तो मंडळाच्या धक्क्याला बांधून ठेवणार आहे, स्वतःच्या खर्चाने. अध्यक्षांना विचारलेले नाही, विचारणारही नाही.

वकिलांनी विचारले, "मग तुम्ही राहणार कुठे?"

"माझ्याकडे," भाऊ म्हणाला. मला न विचारता, जशी ती बोट मंडळाला दिली होती तशी. मी हो म्हटले. मागची खोली घेईन, आणि दुकानात बसून त्याच्या गिऱ्हाइकांना डिझेल घ्यायला सांगेन.

कलम सहा वाचून झाल्यावरही त्याने सहीला नाही म्हटले नाही. ते कलम काढू का, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "राहू दे, खरंच आहे."

कलम एक, दोन, पाच व सहा कायम. वाटायला आता हत्यारे आणि ठेव एवढेच उरले आहे. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोघा साक्षीदारांदेखत वाचून पाहिला, आणि त्यांच्यासमोर सही करीत आहे.

ठिकाण: वकिलांचे कार्यालय, धक्क्याकडे जाणारा रस्ता, दुसरा मजला.
दिनांक: नऊ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. तिची बुद्धी शाबूत आहे, हृदयही.

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ, मुलीचा बाप. तिने माझ्यासमोर सही केली. सगळे वाचून, समजून मी सही केली आहे. मुलगी दुपारी धक्क्यावर येईल. तिला हे मी स्वतः सांगतो.